ताईने मोडलेली काठी

तिला सगळ्या ताई म्हणत. तिच्याहून सात वर्षांनी मोठी असलेली थोरलीसुद्धा ताईच म्हणायची. निम्म्या जणींना त्या शब्दाचा अर्थ ठाऊक नव्हता, त्यांना ते बाईचं नावच वाटायचं, आणि ताईनेही कधी समजावत बसण्याचा खटाटोप केला नाही. पगाराच्या यादीत तिचं कागदोपत्री नाव होतं. नव्या मॅनेजरने ते एकदा वाचलं आणि विचारलं, "ही बाई कोण? कामावर येते तरी का?" सगळा हॉल दिवसभर हसत होता.

धुलाईखाना शहराच्या टोकाला होता. तीन इस्पितळं आणि आठ हॉटेलांच्या चादरी, अभ्रे, टॉवेल रोज ट्रक भरून यायचे आणि ट्रक भरून जायचे. धुण्याची बाजू पुरुषांकडे, इस्त्रीची बायकांकडे. इस्त्रीचा हॉल म्हणजे पत्र्याचं छप्पर, पाच यंत्रं आणि बारा महिने अंगातून निथळणारा घाम. प्रत्येक यंत्राला माणसाच्या कमरेएवढा जाड रोलर, त्याच्याखाली तापलेलं पोलाद. ओली चादर दोघींनी दोन कोपऱ्यांना धरायची, ताणायची, रोलरच्या तोंडात द्यायची. पलीकडून ती कडक, कोरडी बाहेर यायची आणि तिथल्या दोघी तिची घडी घालायच्या. रोलरच्या तोंडाशी एक आडवी पट्टी होती. चादरीबरोबर हात फार पुढे गेला तर तो आधी पट्टीला लागणार, पट्टी मागे सरकणार आणि रोलर जागच्या जागी थांबणार. सगळ्यांच्या बोटांची राखण ती पट्टी करायची. इतकी साधी वस्तू, की दिवसभर समोर असून तिच्याकडे कुणाचं लक्ष जात नसे.

बायका चौतीस. डोंगराकडच्या अकरा, किनाऱ्याकडच्या नऊ, सरहद्दीपलीकडून आलेल्या दहा, आणि उरलेल्या चौघी मूळच्या कुठल्या हे त्यांचं त्यांनाही धड सांगता येत नव्हतं, इतकी गावं बदललेली. भाषा पाच. एकीला जे बोलणं साधं वाटे ते दुसरीला झोंबे. जेवणाच्या सुट्टीत पाच टेबलं, आणि एका टेबलावरची दुसऱ्या टेबलावर जाऊन बसली तर समजायचं, काहीतरी बिनसलंय.

ताईच्या आधी या हॉलवर फौजदार होता. तो कुठल्या पोलिसात वगैरे नव्हता. मिशा आणि आवाज यांच्या जोरावर हे नाव मिळालेलं. एकोणीस वर्षं त्याने हॉल चालवला आणि एकोणीस वर्षांत कुणाला 'बरं केलंस' असं म्हटलं नाही. त्याच्या हातात कायम एक काठी असे, हातभर लांब, टोकाला काळी पडलेली. काठी टेबलावर आपटायची, काठीने घड्याळ दाखवायचं, काठीनेच 'तू, इकडे ये' म्हणून खूण करायची. कुणाच्या अंगाला ती लागली नाही, हे खरं. पण धाक म्हणाल तर तोंडचं पाणी पळेल असा. रोज सकाळी बायका दाराबाहेर रांगेत उभ्या राहायच्या आणि तो आत एकटाच काठी घेऊन पाची यंत्रांपुढून फिरायचा. त्याची फेरी झाल्याखेरीज कुणी आत पाऊल टाकायचं नाही. बाहेर ताटकळत ठेवायची ही नसती मिजास, असं सगळ्या म्हणायच्या.

ताई तेव्हा पलीकडे पाठवणीच्या खोलीत होती, गठ्ठे मोजून ट्रकवर चढवायच्या कामावर. तिला फौजदाराचा आवाज भिंतीतून ऐकू यायचा. तो निवृत्त झाला आणि हॉल तिच्याकडे आला. पहिल्याच दिवशी तिला ती काठी खुर्चीमागच्या खिळ्याला टांगलेली दिसली. तिने ती काढली, सगळ्यांना जवळ बोलावलं आणि गुडघ्यावर ठेवून दाबली. पहिल्यांदा मोडेना. सगळ्या हसल्या, तीही हसली. दुसऱ्यांदा कडकन दोन तुकडे झाले. टाळ्या पडल्या, किनाऱ्याकडची एक तर रडायलाच लागली. तुकडे ताईने बॉयलरवाल्याकडे दिले आणि हॉलचं दार सताड उघडून म्हणाली, "उद्यापासून रांगबिंग काही नाही. यायचं आणि कामाला लागायचं." त्या दिवशी तिला फार बरं वाटलं.

आता कुणी म्हणेल, गोड बोलून कामं होतात का? नुसतं गोड बोलून नाही होत. ताईने मेहनत घेतली. पाची भाषांतले पन्नास-पन्नास शब्द ती हातावर पेनाने लिहून पाठ करायची. घरी भांडी घासताना शाई पुसली जाऊ नये म्हणून डावा हात वर धरायची. कुणाला चारचौघांत चूक दाखवलेली खपत नाही, कुणाला आडून बोललेलं कळत नाही, कुणाच्या घरी दुखणं आहे, सगळं तिच्या डोक्यात असायचं. स्वभाव हसरा, राग असा नाहीच. दोन वर्षांत जेवणाची टेबलं एकत्र झाली. चादरी फाटणं निम्म्यावर आलं. फौजदाराच्या काळात वर्षाला दहा-बारा जणी काम सोडून जायच्या. ताईच्या चार वर्षांत दोघीच गेल्या, त्याही लग्न ठरलं म्हणून.

सगळ्यात अवघड होत्या डोंगराकडच्या. त्यांच्यात वडीलधाऱ्या माणसाला तोंडावर वाईट बातमी सांगत नाहीत. मोठ्याने 'ठीक आहे ना?' विचारलं की 'ठीक' म्हणायचं, मग घर जळत असलं तरी. सांगायचंच असेल तर आपल्यातल्या सगळ्यांत वयस्क बाईला सांगायचं, आणि ती ते योग्य वेळी, बसून, आडवळणाने मोठ्या माणसाच्या कानावर घालणार. फौजदाराने त्यांना एकोणीस वर्षं खोटारड्या म्हणून धरलं. ताईला हे सहा महिन्यांत उमगलं. तिने त्यांच्या कलाने घेतलं. रोज चार वाजता त्यांच्यातल्या सगळ्यांत वयस्क थोरलीला स्वतःच्या टेबलाशी चहाला बसवायला लागली. थोरली चहाचे दोन घोट घ्यायची, खिडकीबाहेर बघायची आणि म्हणायची, "तीन नंबर आज दमलाय." ताई समजायची. मिस्त्रीला निरोप जायचा, मिस्त्री येऊन यंत्र उघडायचा, झालं. अशी चार वर्षं गेली. ताईला याचा मनातून अभिमान होता, आणि तो असायला काही हरकत नव्हती.

पुढे मुख्य कचेरीला शोध लागला की नाना मुलखांच्या माणसांकडून काम करून घेणाऱ्यांचे स्वभाव तपासले पाहिजेत. त्यासाठी एक बाई आली. हॉलमध्ये तिचं नाव चाचणीवाली पडलं. एकशेवीस प्रश्न. तुम्ही किती वेळा चिडता, वेगळ्या चालीरीती बघून तुम्हाला काय वाटतं, दुसऱ्याचं दुःख तुम्हाला कळतं का. ताईला शंभरात शहाण्णव मिळाले. एवढे म्हणे कुणालाच मिळाले नव्हते. फाटकाजवळच्या भिंतीवर तिचा फोटो लागला, खाली 'सहनशीलता, मोकळं मन, आपुलकी' असं छापून. नवरा बसचा ड्रायव्हर होता, पाठीने दगा दिल्यापासून घरीच. तो म्हणाला, "अगं, ती चाचणी घरी आण. माझ्याशी वागताना किती मार्क पडतात तेही बघू."

फोटो लागला त्याच्या दुसऱ्या महिन्यात थोरलीची आई वारली. थोरली महिनाभराच्या रजेवर गावी गेली. ताईने सगळी व्यवस्था चोख लावली. दोन नंबरवर कोण उभं राहील, कपाटाच्या किल्ल्या कुणाकडे, थोरलीची औषधं पोस्टाने कोण पाठवेल. चार वाजताच्या चहाला कोण बसेल, हे मात्र तिच्या डोक्यातच आलं नाही. चार वाजले की ती एकटी चहा प्यायची आणि हॉल किती शांत चाललाय म्हणून तिला समाधान वाटायचं.

डोंगराकडच्यांत सगळ्यांत लहान ती धाकटी. सव्वीस वर्षांची, चार वर्षांची लेक सासूजवळ ठेवून आलेली. डोंगराकडचाही मुलूख परका, म्हणून मुक्कामाचा परवाना नोकरीला बांधलेला. नोकरी गेली की महिन्याच्या आत परत. हात असा चालायचा की जोडीदारणीला दम लागायचा. एका गुरुवारी सकाळी साडेआठला ती तीन नंबर सोडून ताईच्या टेबलाशी आली आणि काही न बोलता उभी राहिली. ताई नवी साडी नेसून आली होती. अकरा वाजता चाचणीवाली परगावचे पाहुणे घेऊन येणार होती, ताईचा हॉल दाखवायला, आणि ताई पाहुण्यांपुढे बोलायची चार वाक्यं कागदावर लिहीत होती.

"काय गं? ठीक ना?" ताईने विचारलं.

"ठीक," धाकटी म्हणाली आणि खाली बघितलं. पण हलली नाही.

डोंगराकडचं 'ठीक' म्हणजे काय, हे हॉलमध्ये कुणाला कळत असेल तर ते ताईला. आणि तिला कळलंही. काहीतरी आहे, हे तिला त्याच क्षणी कळलं. पण खोदून विचारलं तर पोर कानकोंडी होईल, तिच्या रीतीत ते बसत नाही, असा विचार तिने केला. चांगला विचार होता. तिने धाकटीच्या गालावर हात ठेवला आणि म्हणाली, "दुपारी बोलू हं निवांत." धाकटी मान डोलावून परत तीन नंबरवर गेली.

पाहुणे वेळेवर आले. सव्वाअकराला ते दोन नंबरपुढे उभे होते आणि चाचणीवाली त्यांना सांगत होती की इथे कुणाला ओरडावं लागत नाही. तेवढ्यात बाजूला कुणीतरी ओरडलं. डबल बेडची चादर होती, तिचा कोपरा धाकटीच्या मनगटाभोवती गुंडाळला गेला आणि रोलरने हात आत ओढला. हात पट्टीला लागला. पट्टी सरकलीसुद्धा. रोलर थांबला नाही. पलीकडच्या बाईने यंत्र बंद करायची लाल दोरी ओढेपर्यंत कोपरापर्यंत भाजलं होतं आणि डाव्या हाताची चार बोटं गेली होती. अंगठा तेवढा राहिला.

इस्पितळ त्यांच्याच गिऱ्हाइकांपैकी होतं. ताई खाटेशी बसली होती तेव्हा तिला धाकटीखालच्या चादरीवर घडीच्या खुणा दिसल्या, आधी उभ्या दोन, मग आडव्या तीन. आपल्याच हॉलची घडी. ती उठली आणि बाहेर जाऊन बाकावर बसली.

तिथून ती सरळ कामावर परतली. मिस्त्री तीन नंबर बंद करून हात पुसत होता.

"काय झालं होतं?" तिने विचारलं.

त्याने आधी मॅनेजरच्या खोलीकडे बघितलं. "पट्टीमागच्या खटक्यात लव साठून घट्ट बसली होती. चादरींचा कचरा. पट्टी सरकते, पण खटका दबत नाही. आता साफ केलंय. साहेब म्हणाले, तपासनीस यायच्या आत करून टाक. मी तुम्हाला काही बोललो नाही, ताई. मला दोन पोरं आहेत." मग जरा थांबून म्हणाला, "फौजदार असता तर सकाळीच सापडलं असतं."

"ते कसं?"

"काठी लावायचा ना तो. रोज सकाळी, पाची यंत्रांना. रोलर चालू करायचा, काठीने पट्टी ढकलायची, थांबला तर ठीक, नाही तर मला हाक. काठीचं टोक काळं कशाने पडलं होतं मग? पोलादाला टेकून टेकून."

ताईने तीन नंबरच्या पट्टीकडे बघितलं. चार वर्षांपूर्वी टाळ्या घेतलेल्या तिने त्या काठीसाठी.

थोरली बातमी ऐकून पुढच्या आठवड्यात रजा अर्धी टाकून परत आली. ताईने तिला चहाला बसवलं, पण चार वाजेपर्यंत थांबली नाही, आडवळणाचीही वाट बघितली नाही. "काठी कशासाठी होती हे तुम्हाला ठाऊक होतं?"

थोरलीने खिडकीबाहेर बघितलं. "सगळ्यांना ठाऊक होतं."

"मग मी मोडली तेव्हा एकीनेही सांगू नये?"

"तुम्ही इतक्या आनंदात होता, ताई," थोरली म्हणाली. "इतकं हसताना त्या खुर्चीवरचं माणूस आम्ही कधी बघितलं नव्हतं. कोण सांगणार? मग मी ठरवलं, आपणच लक्ष ठेवू. पट्टी अडली की पोरी मला सांगायच्या, मी तुम्हाला सांगायची. चाललं होतं ना."

चाललं होतं, आणि एका म्हातारीच्या आईच्या मरणाने बंद पडलं. ताईला रडू आलं नाही. तिला स्वतःचा संताप आला, आणि खरं सांगायचं तर थोरलीचाही आला, आणि त्या चौतीसजणींच्या चांगुलपणाचाही.

चौकशी सोमवारी ठरली. प्रश्न एकच होता आणि तो सगळ्यांना माहीत होता: पट्टी चालू होती की बंद? बंद असेल तर दोष कारखान्याचा. मग धाकटीचे उपचार, बसून करायचं काम, परवाना, सगळं कारखान्याने बघायचं. चालू असेल तर बाईने निष्काळजीपणे हात घातला, आणि निष्काळजी माणसाला कामावर ठेवत नाहीत. मिस्त्री तोंड उघडणार नव्हता. पट्टी बंद होती हे त्या दिवशी सकाळपासून कुणाला ठाऊक होतं, तर डोंगराकडच्या बायकांना आणि स्वतः धाकटीला. त्यांनी ते सांगायचा अवकाश होता. पण ते सांगितलं की पुढचा प्रश्न येणार, रोजची तपासणी कुणी बंद केली? आणि त्याचं उत्तर फाटकाजवळच्या भिंतीवर लटकत होतं.

ताईने घरी नवऱ्याला सगळं सांगितलं.

"नोकरी जाईल तुझी," तो म्हणाला.

"जाऊ दे."

"जाऊ दे म्हणायला काय जातं? माझी पाठ अशी, घर तुझ्यावर." मग त्याने उशी पाठीखाली सरकवली. "पण सांग तू. नाही तर झोप लागायची नाही तुला, आणि तुझ्या कुशी बदलण्याने माझीही उडेल."

शुक्रवारी ताईने डोंगराकडच्या बाकी दहाजणींना पाठवणीच्या खोलीत जमवलं आणि हात जोडून सांगितलं, "खरं सांगा. पट्टी बंद होती म्हणा. काठी मी मोडली म्हणा. माझं काय व्हायचं ते होऊ दे." सगळ्यांनी मान डोलावली. एकजात सगळ्या म्हणाल्या, "ठीक."

मग तिने दुसरा उपाय करून बघितला. शनिवारी ती हॉलमध्ये ओरडली. आयुष्यात पहिल्यांदा. घडी वाकडी म्हणून एकीला फाडफाड बोलली, एकीच्या हातातून अभ्रे ओढून जमिनीवर टाकले, थोरलीला सगळ्यांसमोर 'म्हातारे' म्हणाली. तिने मनाशी म्हटलं, यांनी माझा तिटकारा करावा, मनात अढी धरावी, म्हणजे तरी बोलतील. पण फौजदाराला जे एकोणीस वर्षांत जमलं ते एका सकाळीत कसं जमणार? बायकांनी अभ्रे उचलून झटकले आणि अर्ध्या तासाने थोरली तिच्यासाठी चहा घेऊन आली, साखर जास्त घालून. "तुम्ही जेवत नाही धड," थोरली म्हणाली. "दुःखात असं होतं." ताईने तो चहा प्यायला. दुसरं काय करणार?

रविवारी ती इस्पितळात गेली आणि धाकटीला खाटेवर बसवून विचारलं, "तुला कळतंय ना, तू खरं बोलली नाहीस तर तुला परत पाठवतील? या हाताने तिकडे तुला कोण काम देणार आहे? लेकीचं काय?"

"कळतं," धाकटी म्हणाली.

"मग उद्या बोलशील?"

धाकटीने खाली बघितलं. ताईने तिची हनुवटी धरून वर केली, चारचौघांत कुणी करू नये तशी. "ठीक म्हणू नकोस. हो म्हण नाही तर नाही म्हण."

धाकटीच्या डोळ्यांतून पाणी आलं, पण तिने हो म्हटलं नाही आणि नाहीही म्हटलं नाही.

सोमवारी मॅनेजरच्या खोलीत चौघे बसले होते: मॅनेजर, चाचणीवाली, कामगार खात्याचा तपासनीस आणि त्याचा लेखनिक. ताई आधी बोलली. सगळं बोलली. काठी, तिचं काळं टोक, बंद झालेली तपासणी, साडेआठ वाजता टेबलाशी येऊन उभी राहिलेली धाकटी. "मला तिच्या तोंडावर दिसलं होतं आणि मी विचारलं नाही," ती म्हणाली. "पाहुण्यांपुढे बोलायची वाक्यं पाठ करत होते मी."

तपासनीसाने विचारलं, "पट्टी बंद होती, हे तुम्ही स्वतः बघितलंत?"

"नाही. मला नंतर कळलं."

"कुणाकडून?"

ताईला मिस्त्रीची दोन पोरं आठवली. मिस्त्री दारातच उभा होता. तिने तरीही त्याचं नाव घेतलं. मिस्त्री म्हणाला, ताईंचा काहीतरी गैरसमज झालाय, पट्टी चालू होती, आपण अपघातानंतर फक्त वरवर पुसली. त्याचे कान लाल झाले होते.

मग एकेक करून बायका आल्या. ताई फार चांगल्या आहेत. ताईंनी कधी कुणाला दुखावलं नाही. पट्टीचं आम्हाला ठाऊक नाही. दहाजणींनी हेच सांगितलं, आणि त्यातल्या प्रत्येकीने जाताना ताईकडे असं बघितलं की आता तुम्ही काळजी करू नका. थोरलीने तर तपासनीसाला वर सांगितलं की ताईंची तब्येत सध्या बरी नाही.

शेवटी धाकटी आली. हात खांद्यापर्यंत पट्ट्यांत गुंडाळलेला. तपासनीस माणूस बरा होता. त्याने तिला बसायला खुर्ची दिली आणि तीन वेळा, वेगवेगळ्या शब्दांत विचारलं, यंत्रात काही बिघाड होता का?

"नाही," धाकटी म्हणाली. "मी घाई केली. माझी चूक."

"सकाळी तू ताईंकडे गेली होतीस?"

"गेले. त्यांनी विचारलं, ठीक ना. मी ठीक म्हटलं."

"खोटं बोलतेय ती," ताई उभी राहून म्हणाली. "मला वाचवायला बोलतेय. तुम्हाला कळत कसं नाही?"

चाचणीवाली उठून ताईजवळ आली, तिच्या खांद्यावर हात ठेवला आणि तपासनीसाला म्हणाली, "यांचे चाचणीचे निकाल माझ्याकडे आहेत. आपुलकीत शंभरपैकी शंभर. अशी माणसं दुसऱ्याचं दुःख स्वतःवर ओढून घेतात. त्यांच्या बोलण्याकडे त्या नजरेने बघावं लागेल." तिचा हेतू वाईट नव्हता. तपासनीसाने मान डोलावली, लेखनिकाने लिहिलं, आणि धाकटीने उजव्या हाताने कागदावर सही केली. कागद सरकू नये म्हणून डावा हात ठेवायची तिची सवय होती. तो हात पुढे आला आणि मग तिला आठवलं. शेवटी मॅनेजरने कागद धरला.

तीन आठवड्यांनी ती निघाली. ताई बसच्या थांब्यावर गेली होती, पिशवीत औषधं आणि लेकीसाठी दोन फ्रॉक घेऊन. धाकटीला पिशवी घेता येईना. एका हातात आधीच गाठोडं होतं. ताईने पिशवी तिच्या गळ्यात अडकवली. बस आली तेव्हा धाकटीने विचारलं, "ताई, तुम्ही माझ्यावर रागावला नाहीत ना?"

ताईला तिला सांगायचं होतं की हो, रागावलेय, तुझ्यावर, तुझ्या रीतीवर, माझ्यावर, सगळ्यांवर. तू माझ्याशी एकदा तरी वाईट वागायला हवं होतंस. पण बसचं दार उघडं होतं आणि मागची माणसं ढकलत होती.

"नाही गं," ती म्हणाली.

बस गेली. ताई नोकरीवर राहिली. फोटो भिंतीवर राहिला. तिने दोनदा काढून मॅनेजरच्या टेबलावर नेऊन ठेवला, दोन्ही वेळा तो परत लागला.

धाकटी गेली त्याच्या दुसऱ्या दिवशी सकाळी तिने फरशी पुसायच्या झाडूचा दांडा हातभर कापून घेतला. हॉलचं दार लावलं, बायकांना बाहेर उभं केलं. पहिल्या यंत्राचा रोलर चालू केला, दांड्याने पट्टी ढकलली. थांबला. मग दुसरं. आता ती हे रोज करते. कामाच्या मध्येच कुणापुढेही जाऊन उभी राहते आणि एकच गोष्ट तीन-तीनदा विचारते. 'ठीक' हे उत्तर घेत नाही. काय ठीक, कसं ठीक, दाखव म्हणते. चारचौघांत म्हणते. डोंगराकडच्या पोरी रडवेल्या होतात. नव्या आलेल्या बायकांनी जेवणाचं टेबल वेगळं केलंय. या वर्षात सातजणी काम सोडून गेल्या.

परवा मॅनेजर दाराशी येऊन थांबला. आत ताई दांडा घेऊन तीन नंबरपुढे होती.

"ताई, तक्रारी येतायत. बायकांना अपमान वाटतो म्हणे. आपल्यावर विश्वास नाही असं वाटतं त्यांना. पुढच्या महिन्यात परत चाचणी आहे. तुमचे मार्क घसरतील अशाने."

ताईने दांडा टेकवला, पट्टी ढकलली आणि रोलर पुरता थांबेपर्यंत वाट बघितली.

"घसरू देत," ती म्हणाली, आणि चार नंबरकडे गेली.